पल्लास कॅट निवांत बसलेली नसते, अंग चोरून बसलेली असते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून तुम्ही चौघं लडाखला निघालायत, तुम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि ६७ वर्षांचे वडील. एकूण ७ दिवस, त्यात हानलेला २ रात्री, आणि त्या फक्त पल्लास कॅटसाठी. ड्रायव्हर फोनवर म्हणाला की गुहा माहितीय, पिल्लं पण आहेत, गाडी एकदम जवळ लावून देतो, गॅरंटी. तुम्ही विचारलंय की खरंच दिसेल का, ७०-३०० लेन्स पुरेल की मोठी भाड्याने घेऊ, आणि मुलीचा प्रश्न, हे मांजर घरी पाळता येतं का.

मी २०१२ पासून लडाखला जातोय. सुरुवातीला एका सर्व्हेत हरकाम्या म्हणून, म्हणजे दगडांत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायचे, विष्ठा गोळा करून पुड्या बांधायच्या आणि रात्री थंडीने बोटं आखडलेली असताना डबी उघडून लेबलं लिहायची, असलं काम. नंतर पुण्या-मुंबईचे चार-पाच जणांचे ग्रुप घेऊन जायला लागलो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं अनुभवाचं आहे, नियमाच्या पुस्तकातलं नाही, आणि माझ्यापेक्षा वेगळं सांगणारे जाणकार तुम्हाला भेटतीलच.

दिसेल का? बहुतेक दिसेल. हे मी दहा वर्षांपूर्वी अजिबात म्हणालो नसतो. माझ्या पहिल्या खेपेला १९ दिवसांत एकदाच दिसलं होतं, ते पण चार मिनिटं, आणि त्यातली दोन मिनिटं मी तो दगड आहे असं समजून शेजारी बघत होतो. आता हानले आणि आसपासच्या गावातल्या पोरांना कुठल्या उतारावर कुठल्या खडकात काय आहे ते तोंडपाठ आहे, आणि जूनमध्ये पिल्लं बिळाबाहेर डोकवायला लागतात त्यामुळे आई एका जागेला बांधलेली असते. पण गॅरंटी कुणी देत असेल तर तो मांजराबद्दल बोलत नाहीये, स्वतः किती जवळ जाणार त्याबद्दल बोलतोय. आदल्या हिवाळ्यात बर्फ किती पडला, त्या उतारावर यंदा पिका, म्हणजे याची मुख्य शिकार, किती आहेत, आईने पिल्लं दुसऱ्या फटीत हलवली का, यावर सगळं अवलंबून असतं आणि यातलं काहीच ड्रायव्हरच्या हातात नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. दिसल्यावर तुम्ही जे बघाल ते काय आहे हे तुम्हाला कळेल का, हा तो प्रश्न. आणि दुसरा, तुमच्या वडिलांचा. दोन्हीवर जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मांजर समजून घ्या. पल्लास कॅट म्हणजेच मनुल, पीटर सायमन पल्लास नावाच्या निसर्गअभ्यासकाने १७७६ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. वजन फार तर अडीच ते साडेचार किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बोक्याएवढंच, पण केस इतके दाट आणि लांब की दुप्पट वाटतं. पोटाखालचे केस तर पाठीपेक्षाही लांब, कारण बसायचं असतं गोठलेल्या जमिनीवर. डोळ्यांच्या बाहुल्या आपल्या मांजरासारख्या उभ्या फटीच्या नाहीत, गोल आहेत. कान डोक्यावर उभे नसून बाजूला खाली लावल्यासारखे, कपाळ चपटं. हे सगळं बघून लोक हसतात, चिडलेले काका वगैरे म्हणतात, पण जरा विचार करा, दगडाच्या आडून वर डोकवायचं असेल आणि दोन त्रिकोणी कान आधी वर आले तर समोरचा पिका लगेच शिट्टी मारून बिळात. मनुल डोकावतं तेव्हा कपाळाची एक चपटी कड आणि दोन डोळे एवढंच वर येतं.

पिका म्हणजे बिनशेपटीचा, उंदरासारखा दिसणारा पण जातकुळीने सशाचा भाऊबंद. मनुलचं मुख्य खाणं तेच. हिवाळ्यात फिया, म्हणजे मार्मोट, खारीच्या कुळातला मोठा बिळात राहणारा प्राणी, बिळात झोपून जातात पण पिका झोपत नाही, तो उन्हाळाभर गवत वाळवून साठवतो आणि थंडीतही जागा असतो, म्हणून मनुलला बारमाही शिकार मिळते. फियाची रिकामी बिळं मनुल राहायला वापरतं. उंचीवरच्या लहान मांजरांचं गणित बहुतेक असंच एखाद-दोन प्रकारच्या खाण्यावर बेतलेलं असतं, तिकडे दक्षिण अमेरिकेत अँडीजमध्ये अँडियन कॅट आहे, ती खडकात राहणाऱ्या व्हिस्काचा नावाच्या सशासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या मागे, आणि तिबेटच्या पठाराच्या पूर्वेकडच्या कडेला चायनीज माउंटन कॅट, तीसुद्धा पिका आणि तसल्याच बिळातल्या प्राण्यांवर. चीनच्या बाजूला कुरणं खराब करतात म्हणून वर्षानुवर्षं पिकांना विष घातलं गेलं, त्याची किंमत मग त्यांना खाणाऱ्यांनी पण मोजलीच.

आता मुद्द्याची गोष्ट. मांजर म्हटलं की आपल्याला चपळ, उड्या मारणारं काहीतरी वाटतं. हे तसं नाही. पाय आखूड, अंग फुगलेलं, पळायला लागलं की एखादी लोकरीची उशी उतारावरून घरंगळतेय असं दिसतं. कोल्हा पळत सुटू शकतो, ससा तर विचारूच नका. मनुलला पळून जीव वाचवणं जमत नाही. मग ते काय करतं? जिथे आहे तिथे पोट जमिनीला टेकवतं, कान आडवे करतं आणि दगड होतं. वरून सोनेरी गरुड फिरत असेल, लांबून शांकू म्हणजे लांडगा जात असेल, तर ही युक्ती फार भारी चालते, कारण अंगाचा रंग आणि तिथल्या मातीचा रंग यात फरकच नाही. जवळ एखादी फट असेल तर त्यात घुसतं, नसेल तर दगड.

आणि माणूस आला तरी ते हेच करतं. इथेच सगळा घोळ होतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. २०१४ चा जून, माझ्याबरोबर पाच पाहुणे आणि आमचा तिथला माणूस, ज्याला मी अचो म्हणतो, लडाखीत थोरल्या भावाला अचो म्हणतात. सकाळी सहाच्या सुमारास दोन खडकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून एक मनुल चालत येताना दिसलं. आम्ही गाडीतून उतरलो, मी सगळ्यांना पोटावर झोपवलं, सैन्यातल्यासारखं सरपटत सरपटत पुढे नेलं आणि मोठ्या अभिमानाने सांगतो, आवाज न करता २५ मीटरपर्यंत पोचलो. मांजर बसून होतं. हललं नाही. तासभर बसलं, मग अजून चाळीस मिनिटं. पाहुणे खूश, मी तर काय विचारता, परतताना गाडीत भाषण दिलं की बघा, आपण शिस्तीत वागलो म्हणून त्याने आपल्याला स्वीकारलं. अचो काहीच बोलला नाही. रात्री थुक्पा खाताना मान वर न करता एवढंच म्हणाला, आज वो भूखा सोया होगा.

मी हसलो आधी. मग लॅपटॉपवर फोटो बघायला लागलो. चारशेच्या वर फ्रेम होत्या माझ्या एकट्याच्या. एकाही फ्रेममध्ये ते मांजर आमच्याखेरीज दुसरीकडे बघत नव्हतं. एकदाही डोळे मिटले नव्हते, अंग चाटलं नव्हतं, मान वळवली नव्हती. पोट जमिनीला चिकटलेलं, कान दोन्ही बाजूंना ताणलेले. मागे वीस पावलांवर पिकांची बिळं होती, काही फ्रेममध्ये पिका चक्क बाहेर बसलेला दिसतोय, आणि मनुल त्याच्याकडे बघत नाहीये. सकाळचा शिकारीचा वेळ होता तो. आम्ही ते मांजर दोन आडोशांच्या बरोबर मध्ये अडकवलं होतं आणि त्याला आम्ही निवांत म्हणत होतो.

अचो लहानपणी त्याच उतारांवर बकऱ्या घेऊन फिरलेला माणूस. त्याने नंतर जे शिकवलं ते मी आता प्रत्येक ग्रुपला पहिल्याच संध्याकाळी सांगतो. मनुल खरंच निवांत असेल तर ते तुमच्याकडे पाठ करतं. जांभई देतं, पंजा चाटतं, डोळे अर्धे मिटतं, पिकाच्या बिळाकडे बघत बसतं, थंडी असेल तर पुढचे पाय शेपटीवर ठेवून बसतं, ते रीलमध्ये बघितलं असेल तुम्ही. घाबरलेलं असेल तर चपटं होतं आणि नजर तुमच्यावर खिळते. अजून जवळ गेलात तर वरचा ओठ एका बाजूने थरथरायला लागतो आणि सुळा दिसतो, ज्याला लोक क्यूट म्हणून शेअर करतात. तो ओठ दिसला की समजायचं की आपण केव्हाच हद्द ओलांडलीय.

जूनमध्ये हे अजून नाजूक होतं कारण पिल्लं असतात. पिल्लं साधारण एप्रिल-मेमध्ये होतात, एका वेताला बहुतेक तीन-चार, कधी जास्तही, आणि चार-पाच महिन्यांची झाली की आपापल्या वाटेला लागतात. म्हणजे तुम्ही जाणार त्या आठवड्यात आई दूध पण पाजतेय आणि पिल्लांना मांस पण आणून देतेय. एक पिका भरतो शंभर-दीडशे ग्रॅम. आता तुम्हीच हिशोब करा, तीन-चार तोंडं अधिक स्वतःचं, दिवसाला किती फेऱ्या मारायच्या. आणि बाप काही मदतीला येत नाही, सगळं आईवर. अशात बिळासमोर सकाळी सहा ते दहा चार गाड्या उभ्या राहिल्या आणि परत संध्याकाळी चार ते सात दुसऱ्या चार, तर ती बाहेर पडणार कधी? बाहेर असेल तर आत जाणार कशी, कारण बीळ दाखवायचं नाही म्हणून ती लांबच दगड होऊन बसते आणि आत पिल्लं उपाशी. शेवटी कंटाळून पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, एकेक करून, मोकळ्या जमिनीवरून, आणि तिथे कुत्री आहेत.

कुत्र्यांचं पण सांगतोच. लडाखमध्ये मोकाट कुत्र्यांचा प्रश्न भयंकर आहे, वस्त्या, छावण्या, टुरिस्ट कॅम्प यांचा उरलासुरला कचरा खाऊन टोळ्या वाढल्यात आणि त्या रानात जाऊन फिया, ससे, बकऱ्या, काय मिळेल ते मारतात. लांडग्यासमोर दगड होऊन चालतं, पाच कुत्री वास घेत आली की नाही चालत. आपले लोक प्रेमाने गाडीतून बिस्किटं टाकतात, ती गाडीमागे येतात, आणि गाडी जाते मांजराकडे. त्यामुळे माझी हात जोडून विनंती, मुलीला कितीही वाटलं तरी हानलेच्या बाजूला कुत्र्यांना काही टाकू नका. फियांना पण नको.

आता ड्रायव्हरचं काय करायचं. त्याला वाईट ठरवू नका, त्याच्यावर पण दबाव असतो, आदल्या गाडीला जवळून दाखवलं आणि तुम्हाला नाही दाखवलं तर तुम्हीच कमी स्टार देणार. निघतानाच त्याला स्पष्ट सांगा की आम्हाला जवळ जायचं नाहीये, दिसलं नाही तरी तुझे पैसे आणि बक्षिस ठरल्याप्रमाणे मिळणार. हे एक वाक्य बोललात की त्याचा खांद्यावरचा ताण उतरतो, मी दरवेळी बघितलंय. आणि गावातला स्पॉटर, म्हणजे प्राणी शोधून दाखवणारा माणूस, वेगळा घ्या, होमस्टेच्या आमा-लेंना, म्हणजे घरच्या आईंना, विचारलं की त्या कुणालातरी बोलावतात. पैसे गावात राहतात आणि ज्याच्या घरासमोरचं मांजर आहे त्याला ते टिकावं असं वाटतं.

माझे स्वतःचे आकडे सांगतो, हा काही कायदा नाही. पिल्लं नसतील तर शंभर मीटरच्या आत जात नाही, पिल्लांचं बीळ असेल तर दोनशेच्या बाहेर थांबतो आणि स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लावतो. वीस मिनिटं, मग निघायचं, मग भले समोर काहीही चाललेलं असो. गाडी रुळलेल्या चाकोरीवरच ठेवायची, कारण तिथली जमीन एकदा चाकाखाली गेली की ते गवत परत यायला वर्षं लागतात, आणि गवत नाही तर पिका नाही. आधीच दोन गाड्या असतील तर आम्ही थांबतच नाही, दुपारी पक्षी बघतो. मांजर आणि त्याचा आडोसा यांच्या मध्ये कधीच यायचं नाही, चालत तर नाहीच. गाडीतून उतरायचंच असेल तर ते पाठमोरं किंवा आत असताना नाही, ते आपल्याला बघत असताना, सावकाश, आणि पुढे न जाता. वीस मिनिटांत ते चाटायला किंवा शिकारीला लागलं तर समजा अंतर बरोबर होतं. चपटंच राहिलं तर पुढच्या वेळी अजून लांब.

एक जण मला मागे म्हणाला होता की अहो २०२० मध्ये आययूसीएनने, म्हणजे कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची यादी ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, याला धोक्याजवळच्या यादीतून काढून कमी चिंतेच्या यादीत टाकलं, मग एवढं काय. खरंय, टाकलंय. पण तो हिशोब मंगोलिया, कझाकस्तानपासून इराणपर्यंतच्या सगळ्या पसाऱ्याचा आहे. आपल्याकडे हिमालयात ते तुकड्या-तुकड्यांत, विरळ आहे. सिक्कीममध्ये २००७ साली, भूतानमध्ये २०१२ साली फोटो मिळाला, एव्हरेस्टच्या बाजूला २०१९ मध्ये ५,१०० मीटरच्या वर गोळा केलेल्या विष्ठेतून पत्ता लागला आणि ते जाहीर व्हायला २०२३ उजाडलं, आणि अरुणाचलमध्ये तर आत्ता २०२४ च्या सर्व्हेत पहिल्यांदा कॅमेऱ्यात आलं, जवळपास ५,००० मीटरवर. एवढीशी काया, पण मंगोलियात कॉलर लावून बघितलं तेव्हा मादीचा वावर सरासरी २३ चौरस किलोमीटर आणि नराचा ९८ निघाला. म्हणजे एका हानलेच्या परिसरात अशी मांजरं कितीशी मावणार? त्यातली रस्त्याकडेला बीळ केलेली एक-दोन, आणि अख्खा देश त्यांच्यासमोर लेन्स लावून बसलेला.

आता वडील. इथे मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका.

लेह ३,५०० मीटर, हानले साधारण ४,३००. हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. तुमचा प्लॅन आहे पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी लेह दर्शन, तिसऱ्या दिवशी सरळ हानले. हे मी तिशीतल्या ट्रेकरलाही करू देत नाही. विमानाने उतरलेल्या माणसाने पहिले दोन दिवस फक्त खायचं, प्यायचं, झोपायचं आणि बाजारात दोनशे पावलं चालायचं. तिसरी रात्र पण लेहमध्येच. चौथ्या दिवशी सिंधूच्या कडेने चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा करत हानले, अडीचशेच्या वर किलोमीटर आहे, पूर्ण दिवस जातो, पण या वाटेवर मोठी खिंड नाही, उंची हळूहळू चढते, म्हणून येताना-जाताना हीच वाट धरा. हानलेला तीन रात्री. म्हणजे ७ चे ८ किंवा ९ दिवस करावे लागतील, आणि ते जमत नसेल तर पँगाँग आणि नुब्रा विसरून जा. सगळं करायच्या नादात काहीच धड होत नाही.

हानलेची एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. बाकी ठिकाणी त्रास झाला की म्हणतात खाली उतरा, आणि तासाभरात हजार मीटर उतरता येतं. हानलेहून निघालात तरी न्योमा साधारण ४,२०० वरच, चुमाथांग ४,००० च्या आसपास, म्हणजे तासन् तास गाडीत बसून पण उंची म्हणावी तशी कमी होतच नाही. लेह गाठायला सात-आठ तास. त्यामुळे हानलेला जाऊन बघू, नाही जमलं तर परत फिरू, हे इथे चालत नाही, निर्णय लेहमध्ये घ्यायचा. तिसऱ्या रात्री वडिलांचं डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, झोप नसेल, तर ते लेहलाच थांबतील आणि तुमच्या दोघांपैकी एक जण त्यांच्याबरोबर, हे घरून निघतानाच ठरवून घ्या, नाहीतर तिथे वाद होतात. बीपी, हृदय, दमा काही असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का तेही त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणि तिथे बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला सुरू झाला, चालताना तोल जायला लागला, असंबद्ध बोलायला लागले, तर सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन सिलेंडर लावून पण निघायचंच. सिलेंडर गाडीत असावा, पण तो उतरायचा पर्याय नाही.

ड्रायव्हर हानलेहून उमलिंग ला ही खिंड करू म्हणेल, सगळेच म्हणतात. ५,८०० मीटरच्या आसपास आहे ते. वडिलांना नको. मुलीलाही नको, माझं मत विचाराल तर.

मांजर दिसलं नाही तर काय? मग हानलेला काय कमी आहे का. नदीकाठच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच असतात, कियांगांचे, म्हणजे रानगाढवांचे, कळप अंगणात आल्यासारखे फिरतात, पठारावर नशीब असेल तर गोवा म्हणजे तिबेटी हरीण दिसतं, दुर्मिळ आहे, त्याच्या नावावरून आपल्या गोव्याचे विनोद आमच्या प्रत्येक ग्रुपमध्ये होतातच. टेकडीवर ४,५०० मीटरवरची वेधशाळा आहे, २०२२ पासून तो परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग, आहे, रात्री गाडीचे हेडलाइट बंद ठेवायला सांगतात ते पाळा. वडील आले असतील तर त्यांना खुर्ची, दोन रजया आणि आकाश एवढं दिलं तरी ते खूश होतील. परवान्याचे आणि फीचे नियम मात्र सारखे बदलतात, जुने ब्लॉग वाचून जाऊ नका, लेहला उतरल्यावर होमस्टेवाल्यांना विचारून काय ते करून घ्या.

मुलीला सांगा, नाही पाळता येत. पहिलं कारण, आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. दुसरं कारण तिला जास्त पटेल. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू असतो, आपल्या घरच्या मांजरांत तो सहज सापडतो आणि त्यांना सहसा फारसं काही होत नाही. मनुल राहतं थंड, कोरड्या, उंच जागी जिथे त्याची या जंतूशी फारशी गाठ पडत नाही, त्यामुळे प्रतिकारच नाही. प्राणिसंग्रहालयांत मनुलची कितीतरी पिल्लं याच्यामुळे दगावलीत, आणि तिथे तर डॉक्टर हाताशी असतात. आणि तिला लहान रानमांजरांचं वेड असेल तर तुमच्याच जिल्ह्यात वाघाटी आहे, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो. ऊसतोडीच्या दिवसांत तिची पिल्लं फडात सापडतात, लोक बिबट्याची समजून घाबरतात किंवा गोड दिसतात म्हणून घरी नेतात. दोन्ही चूक. पिल्लाला हात न लावता वनविभागाला कळवायचं, ते लोक शक्यतो त्याच जागी ठेवून आई येऊन नेते का बघतात, आणि बऱ्याचदा नेते.

राहिली लेन्स. ७०-३०० ने दोनशे मीटरवरून मनुल म्हणजे मातीत मातीचा ठिपका, खोटं कशाला सांगू. पण भाड्याने ६०० घेतलीत तरी तिथे एक गंमत आहे, ऊन इतकं कडक असतं की नऊ-साडेनऊनंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते आणि लांबचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो, कितीही महागडी लेन्स असो. लोक मग तो फोटो शार्प यावा म्हणून पुढे सरकतात. त्यामुळे माझा सल्ला, लेन्सच्या भाड्याचे पैसे गावातल्या स्पॉटरला द्या, ज्याच्याकडे स्कोप आहे असा बघा, आणि घरून ८×४२ची एक बरी दुर्बीण न्या, ती वाघाटीलाही उपयोगी पडेल. मोबाइल स्कोपला लावून मुलगी जो व्हिडिओ काढेल तो थोडा हलेल, कडा काळ्या येतील, पण त्यात मांजर पाठ करून पंजा चाटत असेल. तारखा बदलल्यात तर इथेच लिहा, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी पण तिकडेच आहे.